मनात मुरलेला कलंक: तीव्र मानसिक आजार असणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या माणसांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्किझोफ्रेनिया (भास आणि खोटे संशय यांचा आजार), बायपोलर (मनःस्थिती कधी टोकाची वर तर कधी टोकाची खाली जाणं), वारंवार उलटणारं तीव्र नैराश्य अशा आजारांसोबत जगणाऱ्या व्यक्तींना इथे शुभार्थी म्हटलं आहे आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना शुभंकर. खालचे प्रश्न आमच्या स्वमदत गटांत (शुभार्थी आणि शुभंकर एकमेकांशी बोलायला जमतात तिथे), दवाखान्याबाहेरच्या बाकांवर आणि फोनवर पुन्हा पुन्हा येतात. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत.

मनातला कलंक म्हणजे काय? न्यूनगंडच ना?

न्यूनगंडाशी त्याचं जवळचं नातं आहे, पण याला ठरावीक मजकूर असतो. मानसिक आजाराबद्दल चारचौघांत काही समज फिरत असतात: अशी माणसं धोकादायक असतात, त्यांच्यावर विसंबता येत नाही, ती कधी बरी होत नाहीत, आणि दोष त्यांच्याच कमकुवतपणाचा. शुभार्थी हेच समज स्वतःला लावून घेतो, तेव्हा तो मनातला कलंक.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे चार टप्पे मांडले आहेत. लोक असं म्हणतात हे आधी कळतं. मग ते पटतं. मग 'म्हणजे मीही तसाच' असं वाटू लागतं. शेवटी स्वतःबद्दलचा आदर खचतो. हे टप्पे लक्षात ठेवण्याचा फायदा एवढाच, की मदत कुठे करायची ते कळतं. लोक काय म्हणतात ते आपण एका दिवसात बदलू शकत नाही. 'पटणं' आणि 'लावून घेणं' या दोन जागी मात्र हात घालता येतो.

आम्ही घरात कधी एक वाईट शब्द बोललो नाही. मग हे त्याच्या मनात आलं कुठून?

कुणी बोलावंच लागतं असं नाही. समाजशास्त्रज्ञ ब्रूस लिंक यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी हेच दाखवलं. आजारी पडण्याच्या कितीतरी आधीपासून आपण सगळे 'वेडा' या माणसाबद्दल शिकत असतो. शाळेत एखाद्याला चिडवलेलं असतं, पडद्यावरचा माथेफिरू खुनी पाहिलेला असतो, कुणाचं तरी लग्न 'तसलं काहीतरी' असल्यामुळे मोडल्याचं कानावर आलेलं असतं. तेव्हा हे सगळं दुसऱ्या कुणाबद्दल होतं. निदान झालं त्या दिवशी तो सगळा साठा स्वतःवर उलटतो. म्हणून घरच्यांनी कितीही सांभाळून बोललं तरी कलंक आत असू शकतो. त्यात तुमचा दोष शोधत बसू नका.

सगळ्यांनाच तो सारखा बाधत नाही, हेही खरं. काही जणांना लोकांचं बोलणं ऐकून लाजेऐवजी संताप येतो, काहींना फरकच पडत नाही. संताप येणारे बऱ्याचदा घरच्यांना डोईजड वाटतात. मला मात्र त्यांची काळजी कमी वाटते.

आमच्या मुलीच्या मनात हे आहे की नाही, ओळखायचं कसं?

मोठ्या वाक्यांत शोधू नका. 'मी नालायक आहे' असं क्वचितच कुणी उघड म्हणतं. छोट्या निर्णयांकडे बघा. अर्ज भरलाच नाही, कारण 'घेणार कोण मला?'. जुन्या मैत्रिणीचा मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही. घरात मत विचारलं की 'तुम्ही ठरवा, मला काय कळतंय'. साध्या गोष्टीवर चिडली, ती चीड अगदी रास्त होती, तरी लगेच माफी: 'माझ्या आजारामुळे झालं.'

गटातल्या एका तरुणीनं गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या कात्रीनं कापून एकेक गोळी व्हिटॅमिनच्या डबीत भरून ठेवली होती. डबीवरचं लेबल तसंच. घरात ती आणि आई दोघीच, आणि आईला सगळं माहीत होतं. मग लपवत कुणापासून होतीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, 'मला नाव दिसू नये म्हणून.'

मोजमापाचं साधनही आहे. जेनिफर बॉइड यांच्या गटानं २००३ साली २९ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. लोकांपासून तुटल्याची भावना, रूढ समज पटणं, भेदभावाचे अनुभव, लोकांत जाणं टाळणं आणि कलंकाला तोंड देण्याची ताकद, अशी पाच अंगं त्यात पाहतात. तिची १० विधानांची छोटी आवृत्तीही नंतर आली. ती समुपदेशकाच्या हातात बरी. घरी परीक्षेसारखी कुणाला सोडवायला बसवू नका.

दिवसभर पडून राहणं हा कलंक की आजाराचं लक्षण की आळस?

आळस हा शब्द आधी बाजूला ठेवा, त्यानं काहीच कळत नाही. बाकी तिन्ही-चारही शक्यता खऱ्या असतात आणि एकमेकांत मिसळलेल्या असतात. स्किझोफ्रेनियाच्या तथाकथित नकारात्मक लक्षणांत, म्हणजे असायला हवं ते हरवतं अशा लक्षणांत, ऊर्मीच उठत नाही. नैराश्यात उठली तरी सगळं फोल वाटतं. औषधांची गुंगी असेल तर ती दिवसाच्या ठरावीक वेळी जास्त जाणवते. कलंकात इच्छा असते, पण 'ते आपल्यासाठी नाही' असं वाटतं. म्हणून एक प्रश्न विचारून बघा: 'तुला नकोसं वाटतं, की हवंसं वाटतं पण आपल्याला जमणार नाही, कुणी करू देणार नाही असं वाटतं?' आणखी एक खूण म्हणजे, ओळखीच्या माणसांसमोर गप्प बसणारा शुभार्थी अनोळखी प्रवाशाशी अर्धा तास मजेत बोलतो. ज्याला काही माहीत नाही त्याच्याशी बोलताना तो मोकळा असतो.

कॉरिगन यांनी या 'कशाला प्रयत्न करायचा' वृत्तीवर वेगळं लिहिलं आहे. माणूस हरलेला दिसतो, पण बहुतेक वेळा तो मैदानात उतरलेलाच नसतो. नक्की काय आहे हे ठरवायला मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्याच. औषधाची मात्रा बदलून सुटणारा प्रश्न गप्पांनी सोडवत बसण्यात अर्थ नाही.

औषधं नीट घेतली तर हेही जाईल ना?

औषधांनी कुणी नसताना ऐकू येणारे आवाज, संशय, झोपेचा गोंधळ, टोकाच्या मनःस्थिती आटोक्यात येतात, आणि ते फार मोठं काम आहे. स्वतःबद्दल शिकलेली मतं गोळीनं पुसली जात नाहीत. उलट बाजूनं मात्र परिणाम होत असावा. २०१० साली लिव्हिंग्स्टन आणि बॉइड यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र पाहिले. मनातला कलंक जास्त असलेल्यांमध्ये आशा आणि आत्मसन्मान कमी, लक्षणं जास्त तीव्र आणि उपचारांत सातत्य कमी असा संबंध दिसला. कशामुळे काय, हे असल्या आकड्यांवरून ठरत नाही. पण गोळीकडे बघितलं की शिक्का आठवतो म्हणून गोळी टाळणारे शुभार्थी आम्हांला नेहमी भेटतात.

'तुला आजार आहे हे आधी मान्य कर' असं आम्ही सारखं सांगतो. त्यात चूक काय?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

पॉल लायसेकर, डेव्हिड रो आणि फिलिप यानोस यांनी २००७ साली स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांचा एक अभ्यास केला. आजाराची जाण असलेल्यांमध्ये त्यांना दोन अगदी वेगळे गट दिसले. एका गटाला आजाराची जाण होती आणि कलंकही पटलेला होता. त्यांची आशा आणि आत्मसन्मान सगळ्यांत खाली. दुसऱ्या गटाला जाण तेवढीच होती, पण कलंक पटलेला नव्हता. ते पुष्कळ बरे होते. म्हणजे 'मला आजार आहे' या वाक्याचा अर्थ ज्याला 'मी संपलो' असा लागतो, त्याच्या गळी ते वाक्य उतरवलं तर त्याचं नुकसान होतं. आजार मान्य करणं वेगळं आणि त्याचा शिक्का मान्य करणं वेगळं. आपण घाईघाईत दोन्ही एकाच घोटात पाजायला जातो. मग तो 'मला काही झालेलं नाही' म्हणून ओरडतो, तेव्हा त्यात थोडाफार स्वतःला वाचवण्याचाही प्रयत्न असतो.

मग बोलायचं कसं? नावापासून सुरुवात करू नका. झोप लागत नाही, आवाजांचा त्रास होतो, नोकरी टिकत नाही, यांतलं त्याला स्वतःला जे खुपतं त्यावर आधी एकमत करा. तो त्याला 'टेन्शन' म्हणत असेल तर काही काळ तुम्हीही टेन्शनच म्हणा. आणि निदान सांगायची वेळ येईल तेव्हा त्याच बैठकीत पुढचं चित्रही सांगा. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात सरकारी मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहिलेल्या, पुनर्वसनाचा कार्यक्रम देऊन बाहेर सोडलेल्या रुग्णांचा सुमारे तीन दशकांनी शोध घेण्यात आला. कोर्टनी हार्डिंग यांच्या गटानं १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्मे ते दोन तृतीयांश लोक बऱ्यापैकी सुधारले होते किंवा बरे झाले होते. 'यांचं काही होणार नाही' अशीच ज्यांच्याबद्दल समजूत होती, ती ही माणसं. डॉक्टरांकडून ही अर्धी बातमी ऐकायला मिळाली नाही तर ती मागून घ्या.

'हा मधुमेहासारखाच आजार आहे, मेंदूतलं रसायन बिघडतं' असं सांगितलं तर लाज कमी होते का?

दोष थोडा कमी वाटतो. 'तू मुद्दाम करतोस' हे म्हणणं थांबतं, तेवढा फायदा नक्की. पण निव्वळ जैविक कारण सांगितल्यावर ऐकणाऱ्यांची निराशा वाढते, 'मेंदूच बिघडलाय, आता काय होणार' असं वाटतं, आणि समोरचा माणूस जास्त बेभरवशाचा वाटू लागतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. शुभार्थी स्वतःबद्दलही तसाच विचार करतो. शिवाय 'रसायन बिघडतं' हे या आजारांचं फारच तोकडं वर्णन आहे. अनुवंशिकता, मेंदूची वाढ, आयुष्यातले ताण आणि आघात, व्यसनं, एकटेपणा असं बरंच काही त्यात गुंतलेलं असतं. 'मेंदूचाही भाग आहे, जगण्याचाही आहे, आणि दोन्हींवर काम करता येतं' एवढं सांगा. ते खरंही आहे.

'असं काही मनात आणू नकोस' म्हणून किती समजावलं, पटतच नाही. आता काय करू?

समजावणं थांबवा. 'तू किती हुशार आहेस' म्हटलं की समोरचा मनातल्या मनात उलटा पुरावा गोळा करतो. एक तर तुम्ही प्रेमापोटी बोलताय, आणि दुसरं म्हणजे त्याचं म्हणणं तुम्ही ऐकलेलंच नाही.

आधी त्याचं नेमकं वाक्य पकडा आणि त्याच्याच शब्दांत कागदावर लिहू द्या. सभ्य भाषांतर नको. 'माझ्यासारख्याला कोण विचारतो' असेल तर तसंच. मग घाई न करता विचारा: हे पहिल्यांदा कुठे ऐकलंस? गटातल्या अमुकलाही हाच आजार आहे, त्याला तू हे तोंडावर म्हणशील का? म्हणणार नसशील तर का नाही? इथे बहुतेक जण थबकतात. दुसऱ्याला जी सवलत सहज देतो ती स्वतःला का देत नाही, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. ते उत्तर तुम्ही पुरवू नका.

त्यानंतर छोटा प्रयोग, आणि प्रयोगाआधी भाकीत लिहून ठेवायचं. आमच्याकडे एक गृहस्थ वाचनालयाचं सभासद व्हायला घाबरत होते. भाकीत लिहिलं: 'काउंटरवरचा माणूस बघताक्षणी ओळखेल आणि काहीतरी कारण काढून परत पाठवेल.' दोन आठवडे फॉर्म खिशात घेऊन फिरले. अखेर गेले. काउंटरवरच्या माणसानं वर न बघता फोटो मागितला, यांच्याकडे एकच होता, लागत होते दोन. त्यानं 'दुसरा उद्या द्या' म्हणून एक फोटो चिकटवून घेतला. गृहस्थांनी गटात येऊन हे सांगितलं ते किंचित नाराजीनं. एवढी तयारी करून गेलो आणि त्यानं बघितलंसुद्धा नाही! सगळे हसले, तेही हसले.

प्रयोग फसूही शकतो. कुणी खरंच तिरसटपणे वागलं तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे आधी ठरवून ठेवा. आणि 'सगळे माझ्याकडेच बघतात, माझ्याविरुद्ध काहीतरी चाललंय' अशी ठाम खात्री असेल तर तो बहुधा आजारातला संशय असतो. तिथे प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांना सांगा.

यासाठी खास उपचारपद्धती आहेत का?

आहेत. यानोस, रो आणि लायसेकर यांनी गटात घ्यायची सुमारे २० सत्रांची एक पद्धत तयार केली. तिच्यात आजाराबद्दलची खरी माहिती, चुकीच्या समजुती तपासणं आणि स्वतःची गोष्ट नव्यानं सांगणं असे भाग येतात. अलिशिया लकस्टेड यांच्या गटाची ९ सत्रांची एक पद्धत आहे. आजार उघड करायचा की नाही हे ठरवायला मदत करणारा तीन सत्रांचा एक कार्यक्रम कॉरिगन यांच्या गटानं बांधला आहे, आणि तो शुभार्थी स्वतः चालवतात. अभ्यासांत या सगळ्यांचा उपयोग दिसतो, पण माफक, आणि प्रत्येक अभ्यासात दिसत नाही. 'दहा बैठकांत आत्मविश्वास' असं कुणी विकत असेल तर दूर राहा.

माझ्या मते यातला गोष्ट सांगण्याचा भाग आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. बरीच वर्षं उपचार घेतलेल्या माणसाला 'तुमच्याबद्दल सांगा' म्हटलं की तो केस पेपर वाचून दाखवतो: अमुक साली पहिला झटका, मग भरती, मग गोळी बदलली, मग पुन्हा भरती. त्या प्रत्येक वर्षापाशी थांबून 'त्याच वर्षी आणखी काय झालं?' एवढंच विचारायचं. बहिणीला मुलगी झाली. पोहायला शिकलो. शेजारच्या आजोबांना रोज पेपर वाचून दाखवायचो. सुरुवातीला या गोष्टी आठवायलाच वेळ लागतो.

मोठमोठ्या लोकांची उदाहरणं द्यावीत का?

जपून. गणितज्ञ जॉन नॅश यांना स्किझोफ्रेनिया होता आणि १९९४ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एलिन सॅक्स स्किझोफ्रेनियासह कायद्याच्या प्राध्यापक आहेत. पॅट्रिशिया डीगन यांना किशोरवयात हेच निदान मिळालं, पुढे त्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ झाल्या. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही टोकाच्या भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धती उभी करणाऱ्या मार्शा लिनेहन यांनी तरुणपणी आपण स्वतः मनोरुग्णालयात होतो हे २०११ साली जाहीर केलं. 'अशी माणसं कधी सावरत नाहीत' हे विधान खोडायला एवढी नावं पुरेत. पण रोज आंघोळ करणं जड जाणाऱ्या मुलासमोर नोबेलविजेता उभा केला तर त्याला कळतं ते एवढंच, की किंमत हवी असेल तर अलौकिक असावं लागतं. अर्धवेळ काम करणारी, मधूनमधून आजारी पडणारी, स्वतःचं भाडं भरणारी गटातली एखादी शुभार्थी या कामी जास्त उपयोगी पडते.

स्वमदत गटात गेलं तर 'मी यांच्यातलाच' हा शिक्का पक्का नाही का होणार?

ही भीती इतकी सार्वत्रिक आहे की पहिल्या दिवशी बरेच जण दारातूनच परत जातात. आत आलेल्यांचं निरीक्षण साधारण एकच असतं: कोण शुभार्थी आणि कोण शुभंकर, ते ओळखू येत नाही. 'तसली माणसं' म्हणून मनात जे चित्र असतं ते समोर सापडत नाही, आणि मग त्या चित्राबद्दलच शंका येते. व्याख्यानानं हे होत नाही. कलंक कमी करण्याचे जे मार्ग जगभर अभ्यासले गेले, त्यांत आजारातून गेलेल्या माणसांशी थेट संपर्क हा सर्वांत परिणामकारक असल्याचं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२२ च्या आयोगानंही नोंदवलं आहे.

पण प्रत्येक गट चांगला नसतो. बोलतो कोण ते बघा. शुभार्थी मागे बसलेत आणि पालक त्यांच्यादेखत त्यांच्या तक्रारी सांगतायत, असं दिसलं तर दुसरा गट शोधा. दर वेळी फक्त रडगाणं चालत असेल तरीही. तीन-चार बैठकांनंतर निर्णय घ्यावा. आणि नाही आवडला गट, तर नाही आवडला.

आजाराबद्दल कुणाला सांगावं?

कुणालाच नाही, हेही एक सन्मान्य उत्तर आहे. मोकळेपणाच्या उत्साहात हे विसरलं जातं. कुणाला काही कळू न देणं, दोन-चार विश्वासू माणसांना सांगणं, विचारलं तर न लपवणं, स्वतः पुढे होऊन जाहीर बोलणं, असे यात अनेक पर्याय आहेत. ऑफिसात एक, मित्रांत दुसरा असं चालतं. सतत लपवण्याचा ताण असतो आणि सांगितल्यावर मिळणारा आधारही खरा असतो. त्याचबरोबर एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. समाजमाध्यमांवर तर अजिबातच नाही. त्यामुळे मनःस्थिती वर गेलेली असताना किंवा आजार उफाळलेला असताना तिथे काही टाकू नये.

चाचपणीची एक सोपी रीत: एखाद्या बातमीतल्या किंवा मालिकेतल्या मानसिक आजाराचा विषय काढा आणि समोरचा काय बोलतो ते ऐका. त्यावरून बरंच कळतं.

घरच्यांसाठी एकच नियम. शुभार्थीला विचारल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, अगदी 'चांगल्या हेतूनं'सुद्धा नाही.

पण लोक खरंच वाईट वागतात! यात मनातलं काय आहे?

बरोबर आहे. घर नाकारलं जातं, नोकरी जाते, पोटात दुखतंय म्हटलं तरी डॉक्टर 'टेन्शनचं असेल' म्हणून तपासत नाहीत. हिंसेबद्दल बोलायचं, तर समाजातल्या एकूण हिंसेचा अगदी छोटा हिस्सा तीव्र मानसिक आजाराशी जोडता येतो, आणि असे आजार असलेली माणसं हिंसेला बळी पडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. तरी संशय त्यांच्यावरच.

म्हणून एक गोष्ट पक्की हवी. मनात कलंक मुरणं ही शुभार्थीची चूक नाही. 'तूच स्वतःला कमी लेखतोस' हे त्याला ऐकवलं तर आजारासोबत आणखी एक अपराध त्याच्या नावावर चढतो. भेदभाव झाला असेल तर त्याला भेदभावच म्हणा, तक्रार करायची असेल तर सोबत जा. राग आला तर येऊ द्या. स्वतःवर वळलेला राग बाहेर वळतो तेव्हा तो पुष्कळदा सुधारणेचाच भाग असतो.

काम पूर्ण बरं वाटल्यावर सुरू करावं ना?

बहुधा नाही. वर्षानुवर्षं 'तयारी' करून घेण्यापेक्षा माणसाला त्याच्या पसंतीच्या खऱ्या कामात घालायचं आणि तिथे आधार देत राहायचं, ही पद्धत नोकरी मिळण्याच्या बाबतीत सरस ठरली आहे. पगार देणारं काम 'मला काही जमत नाही' या मताला जे उत्तर देतं ते कुठलाही समुपदेशक देऊ शकत नाही. तास कमी ठेवा.

आम्हां घरच्यांनाही लाज वाटते. ते कुणाला सांगायचं?

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ सालीच लिहून ठेवलं आहे की कलंक जवळच्या माणसांनाही चिकटतो. त्यात आई-वडिलांना तर शास्त्राच्या नावाखाली दोषी धरलं गेलं. १९४८ पासून काही दशकं 'आईच्या वागण्यामुळे स्किझोफ्रेनिया होतो' ही कल्पना तज्ज्ञांमध्ये चलनात होती. तिला पुराव्याचा आधार मिळाला नाही आणि ती मागे पडली. घराघरांतल्या आयांच्या मनातून मात्र ती अजून गेलेली नाही.

तुमच्या लाजेबद्दल शुभंकरांच्या गटात बोला, शुभार्थीसमोर नको. कारण पाहुणे आले की 'तू जरा आत बस' हे वाक्य तुम्ही कितीही हळू म्हटलंत तरी त्याला मोठ्यानं ऐकू येतं. सगळ्यात आधी बदलायचं असेल तर ते बदला. त्याला बाहेर बसायचं आहे का, एवढं विचारा. तो 'नको' म्हणाला तरी चालेल.

डॉक्टरांकडून काय अपेक्षा करावी?

त्यांनी शुभार्थीशी बोलावं. 'जेवतो का हा? झोपतो का?' असं खोलीतल्या दुसऱ्याला विचारलं गेलं तर तुम्ही उत्तर देऊ नका, त्याच्याकडे बघा. दोन-तीन वेळा असं झालं की डॉक्टरांनाही सवय लागते.

इतकं सावरलं आणि पुन्हा झटका आला. सगळं पाण्यात गेलं का?

नाही, पण त्याला तसंच वाटणार. पुन्हा भरती होणं म्हणजे कलंकाला आयता पुरावा. यासाठी तब्येत चांगली असतानाच शुभार्थीनं स्वतःला एक पत्र लिहून ठेवावं: मागच्या वेळी किती दिवसांनी बरं वाटलं, कशानं वाटलं, कोण भेटायला आलं, घरी आल्यावर पहिलं काय केलं. आपल्याच अक्षरातला मजकूर नाकारणं अवघड जातं. घरच्यांनी 'गोळ्या बंद केल्यास ना?' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नये. तो डॉक्टर विचारतील.

तो म्हणतो, 'माझं ओझं कशाला वागवता, मी नसलेलाच बरा.' हा कलंक की आणखी काही?

हे आत्महत्येच्या विचारांचं लक्षण समजा, आणि वाट बघू नका. सरळ विचारा: 'जीव द्यावा असं मनात येतं का? काही ठरवलं आहेस का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. बहुतेकांना विचारलं गेल्यावर हायसं वाटतं. त्याला एकटं सोडू नका, साठवलेल्या गोळ्या आणि इतर घातक वस्तू हाताशी राहू देऊ नका, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. हे काम गटावर किंवा पुढच्या ठरलेल्या भेटीवर ढकलू नका. आणि हे वाचताना स्वतःच्याच मनात असं काही चाललं असेल, तर आत्ता शेजारी जो कुणी असेल त्याला तेवढं वाक्य सांगा.

हे सगळं मी माझ्या भावाला वाचायला देऊ का?

सगळं एकदम नको. त्याला नको असेल तर अजिबात नको. आजार मान्य करण्याबद्दलचं आणि घरच्यांच्या लाजेबद्दलचं उत्तर आधी तुम्ही वाचा, कारण ती तुमच्यासाठीच आहेत. मग हवं तर वाचनालयाच्या फॉर्मची गोष्ट त्याला सांगा आणि विषय तिथेच सोडा. त्यानं पुढे काही विचारलं तर बोला. नाही विचारलं तर क्रिकेटबद्दल बोला.